नाममुद्रेचे गाणे : वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेची घडण

लोकगीताला कर्ता नसतो, अशी व्याख्या आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. जात्यावरच्या ओवीला ती लागू पडते. मात्र स्वतः रचणारा, स्वतः गाणारा आणि तरीही लोकांनी आपलासा केलेला जो कवी असतो, त्याच्यापुढे ही व्याख्या अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात लोककवी वामनदादा कर्डक (1922-2004) यांच्या उमेदवारीच्या काळाच्या आणि रचनातंत्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वामनदादांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. पुढे ते मुंबईला आले. गिरणीत आणि मिळेल तेथे अंगमेहनतीची कामे त्यांनी केली. शाळा त्यांना लाभली नव्हती. बीडीडी चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखवण्यास सांगितले आणि ते वाचता आले नाही. या शरमेतून त्यांनी प्रौढ वयात अक्षरओळख करून घेतली. 1943 मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी विडंबनगीत रचले. येथून त्यांच्या गीतलेखनास प्रारंभ झाला. समता सैनिक दलाशी आलेला संबंध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रत्यक्ष दर्शन यांनी या रचनेला लवकरच विषय दिला.

त्यांच्यामागे परंपरा उभी होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा प्रबोधनासाठी वळवला होता. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा उभा केला. 1956 च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. सोंगाड्या, वग, बतावणी मागे पडून पेटी, ढोलकी आणि कोरस उरले. नाट्याचा भार आता एकट्या गीतावर आला. वामनदादांच्या रचनेतील कथन, संवाद आणि थेट प्रश्न यांचे मूळ या स्थित्यंतरात शोधावे लागते.

चित्रपटगीतांच्या चाली घेण्यावरून या परंपरेस नाके मुरडली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही टीका व्यवहार न पाहता केलेली आहे. रात्री उशिरा, उघड्या मैदानात, त्या त्या गावच्या साथीदारांना घेऊन गायचे तर चाल सर्वांना ठाऊक असणे ही सोय असते. तालीम लागत नाही, श्रोत्याचा कान चालीत न अडकता शब्दांकडे वळतो. शिवाय तयार चाल मात्रांचे बंधन घालते. तेवढ्याच जागेत शब्द बसवायचे असल्याने भरतीचा शब्द गळून पडतो. ध्रुपद, तीन-चार अंतरे आणि प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ यमकाने ध्रुपदाशी बांधलेली, असा हा घाट आहे. कोरस ध्रुपद घोळवत असतो तेवढ्यात गायकाला पुढचा अंतरा आठवण्यास उसंत मिळते. कागदापेक्षा स्मरणावर विसंबणाऱ्या कवीची ही योजना आहे.

शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव येते. संतांच्या अभंगातील नाममुद्रेशी आणि शाहिरांच्या छापेशी त्याचे नाते उघड आहे. परंतु त्याचे एक व्यावहारिक कार्यही आहे. वामनदादा गावोगाव फिरले, लोकांच्या घरी राहिले, आपली गीते इतर गायकांना मुक्तहस्ते देत गेले. ध्वनिफिती निघाल्या, वेष्टनांवर गायकाचे नाव ठळक झाले. तेव्हा कवीचे नाव टिकले ते गीताच्या पोटात. ते काढायचे तर मात्रा तुटते, यमक मोडते. कायद्याच्या स्वामित्वहक्काइतकाच, किंबहुना अधिक, आधार या कवीला छंदाने दिला आहे. अर्थात नाव टिकले म्हणून पोट भरले असे नाही. बिदागीवर चालणारा संसार स्थिर नसतो, हे या परंपरेतील बहुतेकांचे प्राक्तन राहिले.

‘वाटचाल’ (1973), ‘मोहळ’ (1976) व ‘हे गीत वामनाचे’ (1977) हे संग्रह, तसेच ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (1996) हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. तथापि, त्यांची रचना हजारोंच्या घरात जाते. छापील संग्रहांत तिचा अंशच आला आहे. उरलेली गीते वह्यांत, ध्वनिफितींत आणि कंठांत विखुरली आहेत. एकाच गीताला दोन ठिकाणी अंतऱ्यांचा क्रम वेगळा, कोठे शब्द बदललेला, कोठे स्थानिक नाव घुसलेले.

नेवाशातील अध्यापकांना ही अडचण नवी वाटू नये. ज्ञानेश्वरी येथे शके 1212 मध्ये सांगितली गेली, ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तरीही नकलांमधून पाठ बिघडत गेले आणि शके 1506 मध्ये संत एकनाथांना पाठशुद्धी करावी लागली. लेखक मिळूनही ही गत झाली, मग ज्या गीतांना एकच एक लेखक लाभला नाही त्यांची काय कथा! लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आपण पाठभेद शिकवतो, पण उदाहरणे हस्तलिखितांची घेतो. 14 एप्रिलला आपल्याच तालुक्यातील गावांत गायल्या जाणाऱ्या गीतांचे ध्वनिमुद्रण करून, ज्या अंतऱ्यात नाममुद्रा आहे तो प्रथम नोंदवून, छापील पाठाशी ताडून पाहणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य आहे. त्यासाठी लागतो एक भ्रमणध्वनी, एक वही आणि गाणाऱ्याचे वय लक्षात घेऊन केलेली थोडी घाई.