दुकान बुडाले, नावाचे काय?

समजा, आपल्या शाळेने संकेतस्थळ सुरू केले आणि त्यासाठी एका कंपनीकडे पैसे भरून नाव घेतले. काही महिन्यांनी त्या कंपनीचे दिवाळे निघाले. मग शाळेच्या नावाचे काय? संकेतस्थळ त्याच दिवशी बंद पडेल का?

हे समजण्यासाठी दहावीचा अर्ज आठवू या. विद्यार्थी अर्ज व शुल्क शाळेत देतो, शाळा ते मंडळाकडे पोचवते. पण परीक्षार्थींची खरी यादी असते मंडळाकडे. नावांचेही तसेच आहे. 'डॉट कॉम'ने संपणाऱ्या सर्व नावांची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या अमेरिकन कंपनीकडे असते. आपण जिला पैसे देतो ती कंपनी म्हणजे रजिस्ट्रार, केवळ मधला दुवा. रजिस्ट्रारांना मान्यता देते १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था.

एखादे संकेतस्थळ कुठे आहे हे शोधताना संगणक रजिस्ट्रारला विचारत नाही. मूळ नोंदवहीवरून केलेल्या यादीत पाहतो. म्हणून रजिस्ट्रार बुडाला तरी संकेतस्थळ चालू राहते. मात्र संकेतस्थळाची पानेही त्याच कंपनीच्या संगणकावर असतील, तर ती बंद पडू शकतात.

मग धोका कुठे आहे? नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळते. नूतनीकरणाचे पैसे रजिस्ट्रारने घेतले, पण पुढे भरलेच नाहीत, तर आपल्या हाती पावती राहते आणि नाव जाते. शुल्क मंडळापर्यंत न पोचलेल्या विद्यार्थ्यासारखीच ही स्थिती.

२००७ साली अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय या कंपनीत हेच घडले. मालकांच्या भांडणात कारभार कोसळला आणि पैसे भरूनही अनेकांची नावे गेली. आयकॅनने मान्यता काढली, पण नवी अडचण उभी राहिली. डॉट कॉमच्या मूळ नोंदवहीत नाव, मुदत आणि रजिस्ट्रार यांची नोंद होती; मालक कोण, हे फक्त रजिस्ट्रारच्या दप्तरात होते! ते दप्तर मिळवण्यासाठी आयकॅनला न्यायालयात जावे लागले. अखेर मे महिन्यात सुमारे साडेआठ लाख नावे गोडॅडी या कंपनीकडे सोपवली गेली.

या अनुभवानंतर दप्तराची प्रत नियमितपणे त्रयस्थ संस्थेकडे ठेवण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. २००८ साली एस्टडोमेन्स या कंपनीची मान्यता गेली, कारण तिच्या अध्यक्षाला एस्टोनियात शिक्षा झाली होती. तेव्हा तिची सुमारे २ लाख ८१ हजार नावे सांभाळायला निवडली गेली मुंबईची डायरेक्टी ही कंपनी.

पण प्रत ही शेवटी प्रतच. दप्तरात जे लिहिले असेल तेच तिच्यात उतरते. संकेतस्थळ करून देणाऱ्या गृहस्थाने शाळेचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवले असेल, तर संकटात ते परत मिळेल त्यालाच, शाळेला नाही. तेव्हा या आठवड्यात विद्यार्थ्यांना सोबत घेऊन एवढे तपासू या: नोंद कोणाच्या नावे आहे? मुदत कधी संपते? सूचना ज्या ईमेलवर येतात, तो आज शाळेत कोणी उघडतो का?