नटबोल्टांचे डबे

जुनी चालती गाडी विकणं सोपं. किल्ली फिरवावी, गिऱ्हाइकाला एक चक्कर मारून आणावी आणि घासाघीस सुरू करावी. बंद पडलेली, पण सगळे अवयव जागच्या जागी असलेली गाडी विकणंही फारसं अवघड नाही. अवघड असते ती उघडून ठेवलेली गाडी. इंजिन कोपऱ्यात, सीटा माळ्यावर, दारं भिंतीला टेकवलेली आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. इथे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "काका, यातलं काय काय नाहीये?" जे आहे ते दिसतंच. भाव पडतो तो नसलेल्या वस्तूंपायी.

गेल्या वर्षी असली एक गाडी विकण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा व्यवसाय म्हणाल तर कादंबऱ्या लिहिण्याचा. पण २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत मी बँकेत अधिकारी होतो, आणि ओळखीत कुठे पैसा व कागदपत्रं यांचा गुंता झाला की लोकांना माझी कादंबरी नव्हे, बँकच आठवते. कोथरूडच्या एका सोसायटीत राहणारा माझा मित्र वारला. सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि ताडपत्रीखालची फियाट हलवायला वहिनींना दोन महिन्यांची मुदत मिळाली. "भाऊजी, तुम्हीच काय ते बघा," त्या म्हणाल्या. "भंगारात मात्र द्यायची नाही."

गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हे मॉडेल १९६४ साली आणलं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरची दांडी स्टिअरिंगला. पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने जी गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांना ठाऊक झाली, ती हिचीच पुढची आवृत्ती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांच्या कृपेने इंजिनाचे, ब्रेकचे सुटे भाग अजून हुडकता येतात. डिलाइटची समोरची जाळी, चकचकीत पट्ट्या, दिव्यांच्या कडा यांना मात्र टॅक्सी उपयोगी पडत नाही. ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच.

मित्राने खर्चाची वही ठेवली होती. वळणदार अक्षर, बेरीज तीन लाख बेचाळीस हजार. किमान तेवढे तरी यावेत, अशी वहिनींची समजूत. आमच्या कर्जविभागात अर्धवट राहिलेले कारखाने येत, तेव्हा मालक असेच पावत्यांचे गठ्ठे पुढे करीत. आम्ही विचारायचो, आज विकलं तर काय येईल? जमिनीचे पैसे येत, लिंटलपर्यंत आलेल्या भिंतींचे येत नसत. हे वहिनींना सौम्य शब्दांत सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ही वही कुणी वाचणारच नाही?"

वाचली, आणि तीच कामाला आली. रकमांचा रकाना निरुपयोगी, पण शेजारचा रकाना सोन्याचा. बोअर कितीवर वाढवलं, पिस्टन कुठल्या मापाचे घेतले, कुठला दिवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला, कुठला पत्रा कधी कापला. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. जीपसारखी या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या गंजल्या म्हणून आधार न देता कापल्या, तर गाडी मधोमध खचते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. डाव्या बाजूची पट्टी कापण्यापूर्वी आत लोखंडी दांडे जोडल्याची नोंद वहीत होती. दांडे जागेवर होतेही.

कागदांचं प्रकरण वेगळंच. आरसी बुक अजून मित्राच्या वडिलांच्या नावावर, वर एका फायनान्स कंपनीची हायर-पर्चेसची नोंद. कंपनी केव्हाच बंद. ट्रंकेत दोन संध्याकाळी घालवल्यावर कर्जफेडीचं मूळ पत्र सापडलं. मालक मयत असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर करायची, मगच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. हे न करता कोऱ्या सह्यांवर गाडी देऊन टाकणारे पुष्कळ आहेत. उद्या त्या नंबरचं काही लफडं निघालं तर पोलीस कुणाच्या दारात येणार?

गिऱ्हाइकं शेवटी दोन उरली. पहिला व्यापारी, नव्वद हजार रोख. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, गाडी कोण घेतंय? जाळी, काचा, मीटर सुटे विकीन." हिशेबाने त्याचं बरोबरच होतं, अर्धवट गाडीचे तुकडे अख्ख्या गाडीहून महाग असतात. दुसरा साताऱ्याकडचा तिशीतला मुलगा, वडिलांचं गॅरेज. तो साठावर अडला. पण मूळ इंजिन बदलणार नाही म्हणाला, कारण २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो तो मूळ रूप राखलं तरच. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही. हे सगळं त्याला पाठ होतं.

तीस हजारांचा फरक. पेन्शनवर राहणाऱ्या बाईला तो लहान नाही, आणि माझ्यातल्या बँकवाल्याने तसं स्पष्ट सांगितलं. वहिनींनी मुलाला विचारलं, "पूर्ण झाली तर रंग कुठला देणार?" तो म्हणाला, "काकू, दाराच्या आत जुना रंग अजून दिसतोय. तोच." त्यांनी पासष्टवर सौदा तोडला.

टेम्पो भरायच्या आधी मी आणि त्या मुलाने मिळून एकशे अठरा वस्तूंची यादी केली, दोन प्रती, दोघांच्या सह्या. डबा क्रमांक चौदापुढे मी लिहिलं, 'ओळख पटली नाही'. महिन्याभराने त्याचा फोन आला. "काका, चौदा नंबर सापडला. गिअरच्या दांडीचे बुश आहेत. बाजारात मिळत नाहीत हो. पण एक कमी आहे, वहिनींच्या... म्हणजे काकूंच्या माळ्यावर बघता का?"