धरण भरलं, पण नदीचं काय?

'बारवी भरलं' अशी बातमी आली की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या ग्रुपवर फोटो फिरतात आणि आपण वर्षभर निर्धास्त. पण बारवीचं पाणी धरणातून थेट पाइपात जात नाही. ते नदीतून वाहत उल्हासला मिळतं आणि मग एमआयडीसी ते उचलून जांभूळला शुद्ध करते. उल्हासनगर याच पाण्यावर चालतं. बदलापूरसाठी जीवन प्राधिकरण उल्हासचंच पाणी बॅरेजवर उचलतं. म्हणजे आपल्या नळाला जोडलेली आहे ती उघडी नदी.

मग तिच्या काठी काय बांधायचं, हे कोण ठरवतं? 2000 पासून राज्यात नदी नियमन क्षेत्र धोरण होतं. सगळ्यात स्वच्छ, ए-1 वर्गातल्या नदीच्या दोन्ही बाजूंना 3 किलोमीटरपर्यंत कारखाने नाहीत. जास्त प्रदूषण करणारे 'लाल' गटातले 8 किलोमीटरच्या पलीकडेच. फेब्रुवारी 2015 मध्ये सरकारने ते रद्दच केलं.

आता उरल्या पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये जोतं उंच ठेवून परवानगी मिळते. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर हा चेक उलट्या दिशेला लावलाय. नदीचं पाणी तुमच्या घरात शिरेल का, एवढंच तो बघतो. तुमच्या घरातलं पाणी नदीत जाईल का, हे कोणी विचारतच नाही.

'अहो, पण शुद्धीकरण केंद्र आहे ना?' आहे की. तुरटी, वाळूचे फिल्टर, क्लोरिन. हे सगळं गाळ आणि जंतूंसाठी. सांडपाण्यातला अमोनिया वाढला की तो क्लोरिनच खाऊन टाकतो, आणि विरघळलेली बरीचशी रसायनं वाळूतून सरळ पुढे जातात.

खरी गोची पुढे आहे. बॅरेजच्या वर वांगणी, नेरळ, कर्जत. यातलं नेरळ-कर्जत रायगड जिल्ह्यात, तिथल्या प्लॉटिंगवर बदलापूर नगरपरिषदेचा काडीचाही अधिकार नाही. पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला. सेकंड होमच्या छोट्या छोट्या स्कीम आरामात त्याखाली बसतात.

म्हणून विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा रस्ता-पार्किंगसोबत हेही लिहा: पाणी उचलतात त्याच्या वरच्या बाजूला नदी आणि ओढ्यांलगत हिरवा पट्टा, आणि सांडपाण्याची सोय चालू झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. कर्जतकडचा आराखडा आला तर तिथेही पाठवा. हरकत घ्यायला तिथलं रहिवासी असावं लागत नाही.