रेसर्पीन

रेसर्पीन : सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांपासून मिळणारे एक अल्कलॉइड (वनस्पतिजन्य, नायट्रोजनयुक्त क्षारधर्मी संयुग). रक्तदाब कमी करणे व मन शांत करणे हे त्याचे दोन प्रमुख गुणधर्म होत. परंपरागत वनौषधीचे आधुनिक औषधात रूपांतर होताना कोणत्या कसोट्या पार कराव्या लागतात, हे त्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

मूळ वनस्पती व आरंभीचे संशोधन : सर्पगंधा (लॅ. रौवोल्फिया सर्पेंटिना, कुल-ॲपोसायनेसी) हे लहान झुडूप भारतात हिमालयाच्या पायथ्याशी, तसेच कोकणातही आढळते. वेड, निद्रानाश व सर्पदंश यांवर त्याची मुळे पूर्वापार वापरली जात. १९३१ मध्ये कलकत्ता (आता कोलकाता) येथील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळांच्या चूर्णाने उन्माद शमतो व वाढलेला रक्तदाब उतरतो, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्ली येथे सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळांतून स्फटिकरूप अल्कलॉइडे अलग केली. त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव देण्यात आले. मात्र या अल्कलॉइडांवरून मुळांच्या शामक क्रियेचा पुरेसा उलगडा झाला नाही.

मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आलेले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात मांडले. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी स्फटिकांऐवजी अर्कातील राळेसारखा भाग तपासला आणि १९५२ मध्ये त्यातून रेसर्पीन अलग केले. आर्. बी. वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण (घटकांपासून कृत्रिम रीतीने तयार करण्याची क्रिया) जाहीर केले. शुद्ध द्रव्य हाती आल्यामुळे मात्रा अचूक मोजता येऊ लागली. मुळांच्या चूर्णात ते शक्य नव्हते.

क्रिया : तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी सूक्ष्म पुटिकांमध्ये नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सेरोटोनीन ही संदेशवाहक द्रव्ये साठविलेली असतात. त्यांना पुटिकेत वाहून नेणाऱ्या प्रथिनाला रेसर्पीन निष्क्रिय करते. बाहेर राहिलेल्या द्रव्यांचे एंझाइमाद्वारे विघटन होते व साठा हळूहळू संपतो. परिणामी रक्तवाहिन्या शिथिल होतात, नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागू शकतात आणि औषध थांबविल्यावरही तो बराच काळ टिकतो.

उपयुक्ततेची कसोटी : रक्तदाबाचा आकडा उतरणे आणि रुग्णाचे आयुष्य वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. वाढलेला रक्तदाब शरीराला आवश्यकच असून तो उतरविणे घातक ठरेल, असे मानणारे वैद्यही पूर्वी होते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुषांवर या प्रश्नाची परीक्षा झाली. काहींना रेसर्पीनसह तीन औषधे व इतरांना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. कोणाला काय दिले, हे रुग्ण व वैद्य या दोघांनाही ठाऊक नव्हते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांमध्ये गंभीर उपद्रवाच्या २७ घटना घडल्या, तर औषधे घेणाऱ्यांमध्ये केवळ २. हे यश तीनही औषधांचे एकत्रित होते. तथापि तीव्र अतिरक्तदाबावर उपचार केलेच पाहिजेत, हे त्यातून निर्विवाद ठरले.

दुष्परिणाम : नाक चोंदणे, सुस्ती, जठरातील अम्ल वाढणे व कंपवातासारखी लक्षणे उद्‌भवू शकतात. सर्वांत गंभीर मानला गेलेला दुष्परिणाम म्हणजे अवसाद (तीव्र खिन्नता). आरंभी देण्यात येणाऱ्या मोठ्या मात्रांत तो विशेष नोंदला गेला. पुढे दिवसाला ०·१ ते ०·२५ मिग्रॅ. एवढी अल्प मात्रा, बहुधा मूत्रल औषधाच्या जोडीने, देण्याची पद्धत पडली. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी रेसर्पीनचा संबंध सुचविणारी निरीक्षणे प्रसिद्ध झाल्याने त्याचा वापर घटला. नंतरच्या अभ्यासांत मात्र या संबंधाला ठोस पुष्टी मिळाली नाही.

महत्त्व : ज्या क्रियेमुळे दुष्परिणाम होत, तिनेच मेंदूच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. रेसर्पीनने निश्चल झालेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनचे आर्‌व्हीद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. कंपवातावर एल-डोपा हे औषध वापरण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा विभागून सन्मान मिळाला. अधिक सुसह्य औषधे उपलब्ध झाल्याने रेसर्पीन आता क्वचितच दिले जाते. मात्र प्रयोगशाळेतील संशोधनात त्याचा उपयोग होतो.