सिकलसेलची ‘जीन कात्री’ पेशीत काम कशी करते?

सिकलसेल जीन कापून बरा होतो म्हणे, खरं का? खरं आहे, पण अर्धंच. खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये हा आजार जुना आहे. यावल, रावेर, चोपड्याकडचे आपले तडवी बांधव मूळचे भिल्लच. भडगावकरांनाही हा विषय परका नाही.

डीएनए म्हणजे झिपसारखे जुळलेले दोन धागे. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. सिकलसेलमध्ये एकच अक्षर बदलते, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. तेवढ्यानेच रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

‘कॅसगेव्ही’ या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात. वीस अक्षरांचा आरएनए धागा डीएनएवर आपली जोडी शोधून चिकटतो आणि तिथेच कात्री चालते. चुकलेले अक्षर मात्र तसेच राहते. गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर थांबवणारा ब्रेक तेवढा सैल होतो.

आता प्रश्न असा, की धागा नेमका किती वेगाने चिकटतो, कधी सुटतो? परीक्षानळीत हे मोजणे सोपे. तापवले की धागे सुटतात, थंड केले की जुळतात. पण पेशी म्हणजे भरलेला आठवडे बाजार, तिथे पाण्यातला हिशेब चालत नाही.

जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये जिवंत पेशीतच हे मोजून दाखवले. धाग्यांना दोन रंगद्रव्ये लावली. लेसरने पेशीचे तापमान किंचित वर-खाली केले. धागे जवळ आले की प्रकाश बदलतो. तो बदल किती मागे पडतो, यावरून वेग काढला. बारा जोड्यांचा धागा पेशीत सातपट वेगाने जुळला, सोळा जोड्यांचा पाचपट हळू! चारच अक्षरांचा फरक. असले औषध नळीत जमले म्हणजे पेशीत जमेलच असे नाही, ते यामुळेच. भलत्या जागी चिकटला तर कात्रीही भलतीकडेच चालणार, म्हणून अशी तपासणी जिवंत पेशीतही करावी लागते.

शिवाय अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर, आणि आधी कडक केमोथेरपी. आपल्याकडे आज हाताशी आहे ती बोटाच्या थेंबभर रक्ताची साधी चाचणी. तीत दोष दिसला तर पुढची तपासणी होते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. निकाहाची बोलणी सुरू असतानाच दोन्हीकडच्यांनी ही चाचणी करून घेतलेली बरी, असे आम्हाला वाटते. आजार निघालाच तर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते. तिने दुखण्याचे झटके कमी होतात.