संगणकाचा घरघरणारा पंखा

सिल्लोडच्या एका शाळेत, संगणक कक्षात मी बोलत होतो आणि मागच्या बाकावरच्या मुलांना ते ऐकू जात नव्हते. एका जुन्या संगणकाची घरघर माझ्यापेक्षा मोठी होती. तिथले शिक्षक म्हणाले, "सर, याचा पंखा जरा हळू फिरवला तर?" प्रश्न साधा, पण सिल्लोडच्या उन्हाळ्यात त्याचे उत्तर जपून द्यावे लागते.

हा आवाज पॉवर सप्लायच्या पेटीतून येतो. २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करताना ही पेटी तापते, म्हणून गरम हवा बाहेर फेकणारा पंखा तिच्यात असतो. जुन्या पेट्यांत तो बहुधा ८० मिलिमीटरचा आणि १२ व्होल्टवर चालणारा असतो.

पंख्याचे आवाज दोन प्रकारचे. पाती हवा कापतात त्याचा सूं-सूं आवाज एक, बेअरिंगची खरखर दुसरा. स्वस्त पंख्याचा आस बुशमध्ये फिरतो. त्यातले तेल वाळले, वर धूळ बसली, की आस डगमगू लागतो. सकाळी खरखर जास्त आणि थोड्या वेळाने कमी होत असेल, तर दोष बहुधा बुशचा. तापल्यावर उरलेसुरले तेल पातळ होते. प्लग काढून जाळीतून खराट्याच्या काडीने पाते ढकलून पाहा. चांगला पंखा सहज फिरत राहतो, बिघडलेला अडखळून थांबतो.

आता पंखा हळू करण्याविषयी. काही जण त्याला १२ ऐवजी ७ व्होल्ट देतात. वेग निम्मा झाला तर हवेचा आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. मोह पडावा असाच हा फायदा! पण हवाही निम्मीच वाहते. समजा, संगणक १४० वॅट वीज घेतो. ती सारी अखेर उष्णताच होते. एक लिटर हवा एक अंश तापवायला सुमारे १.१ ज्यूल लागतात. पंखा दर सेकंदाला ७ लिटर हवा बाहेर टाकत असेल, तर ती सुमारे १८ अंशांनी तापेल. साडेतीन लिटर टाकत असेल, तर ३६ अंशांनी. खोलीतच ४० अंश असताना हे आकडे ५८ आणि ७६ होतात. आतील इलेक्ट्रोलिटिक धारित्रांचे आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते. म्हणजे आवाज गेला, पण पेटीचे आयुष्य तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आले. थंड प्रदेशात चालून जाणारी युक्ती इथे महागात पडते.

म्हणून पंखा हळू न करता बदलावा. तेवढ्याच मापाचा, तेवढीच हवा देणारा, पण बॉल बेअरिंगचा घ्यावा. नवा असताना तो बुशच्या नव्या पंख्याहून किंचित जास्त ऐकू येतो, मात्र उष्णतेत टिकतो.

ही पेटी विद्यार्थ्यांनी उघडू नये, हौशी शिक्षकांनीही नाही. २३० ला १.४१ ने गुणा: प्लग काढल्यावरही धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक असू शकतो. काम जाणकाराकडेच द्यावे. पंख्याच्या तारा पुष्कळदा आत डाखलेल्या असतात. लाल तार धन, काळी ऋण. पंखा उलटा बसवण्याची चूक मात्र जाणकाराकडूनही होते. पेटी परत आल्यावर संगणक सुरू करून जाळीपुढे कागदाची अरुंद पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे.