अंदाजाकडून मोजमापाकडे : अमळनेरच्या तेलगिरणीचा धडा

उत्पादनाची कार्यक्षमता, म्हणजे तेवढ्याच कच्च्या मालातून, वेळेतून आणि श्रमांतून अधिक व निर्दोष उत्पादन काढण्याची क्षमता, नवे यंत्र बसवल्याने आपोआप वाढते, असा समज उद्योजकांमध्ये खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः कामातला निर्णय कोण घेतो आणि कशाच्या आधारे घेतो, हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा असतो, आणि जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या तेलगिरणीचा इतिहास त्याची साक्ष देतो.

महंमद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, जी पुढे विप्रो या नावाने जगभर गेली, अमळनेरला खानदेशी शेंगदाण्याचे तेल गाळून त्यापासून वनस्पती तूप बनवीत असे, आणि ७८७ हा कपडे धुण्याचा साबणही तेथेच तयार होई. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनामुळे अझीम प्रेमजी यांना अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घ्यावा लागला. त्या काळी शेतमालाची प्रत अनुभवी खरेदीदाराच्या नजरेवर आणि दाणा चावून बांधलेल्या अंदाजावर ठरत असे. त्याऐवजी मालाचे प्रत्यक्ष मोजमाप करून भाव ठरवण्याची पद्धत प्रेमजींनी आणली. हा बदल दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठा होता, कारण तेलगिरणीचा नफा उताऱ्यावर, म्हणजे दाण्याच्या वजनाच्या तुलनेत निघणाऱ्या तेलाच्या प्रमाणावर, अवलंबून असतो : उतारा एका टक्क्याने घटला तर शंभर क्विंटल दाण्यामागे एक क्विंटल तेल हातचे जाते, आणि दाण्यात ओलावा अधिक असेल तर गिरणी शेंगदाण्याच्या भावाने पाणी विकत घेते.

मात्र मोजमाप आले की ज्याच्या जाणकारीवर आजवर व्यवहार चालला, त्याचे महत्त्व कमी होते, आणि बदलाला होणाऱ्या विरोधाचे मूळ बहुधा आळसात नसून या मानहानीच्या भीतीत असते. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात केलेला, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात फार मोलाचा आहे. कामाची नवी पद्धत ज्या गटावर केवळ वरून लादली गेली, त्याचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही, आणि त्यातील सतरा टक्के कामगारांनी पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली; याउलट ज्या गटांतील सर्व कामगारांना पद्धत आखण्यातच सहभागी करून घेतले गेले, ते लवकरच पूर्वीच्या पातळीवर आले आणि तिच्याही पुढे गेले.

जळगावच्या डाळमिलांना आणि चटई कारखान्यांना, तसेच धुळ्याच्या तेलगिरण्यांना हे तंतोतंत लागू पडते. रंगावरून दाणा निवडणारे कलर सॉर्टर डाळमिलमध्ये बसवता येते, पण कोणता दाणा बाद धरायचा याची सीमा ठरवताना वर्षानुवर्षे डाळ हाताळणाऱ्या माणसाला विचारले नाही, तर चांगला माल चुनीत जातो आणि यंत्राला दोष दिला जातो. म्हणून खानदेशातील कारखानदारांनी पुढच्या यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी पाळीवरच्या कामगारांसमवेत बसून कोठे काय वाया जाते याची नोंदवही सुरू करावी, आणि त्या नोंदीतून निघालेल्या बचतीतला वाटा त्यांना द्यावा.